दोन लाइनी आणि एक झाकण

इंटरनेटची लाइन विकणाऱ्या कंपनीने मला फसवलं. दोन लाइनी सांगून एकच विकली. ती तुटली तेव्हा दोष माझ्या माणसाच्या माथी मारला, तोही लेखी, कंपनीच्या छापील कागदावर, खाली सही ठोकून. हे आधीच सांगून टाकतो. कारण पुढे मी त्या माणसाबद्दल लिहिणार आहे आणि त्याची आठवण आली की मला हसू येतं. हसण्याच्या नादात मूळ गोष्ट राहून जायला नको.

तो माणूस म्हणजे आमच्या ऑफिसातले काका. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, मीरा रोडला पूनम सागरमध्ये वन रूम किचनमध्ये एकटे राहणारे. समोरच्या बिल्डिंगमध्ये धाकटी बहीण. शर्ट कायम पांढरा, बाही कोपरापर्यंत दुमडलेली, खिशात स्क्रूड्रायव्हर. हातात किल्ली द्यायचं घड्याळ.

माझं सांगायचं तर मी एकोणिसाव्या वर्षी रत्नागिरीकडून आलो आणि भाईंदर पूर्वेला स्टेशनबाहेर एसटीडीचा बूथ टाकला. एकाचे तीन झाले. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि तिन्ही बूथवर माशा बसू लागल्या. तेव्हा जो तो कॉल सेंटर काढत होता. मीही एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतला, चाळीस खुर्च्या मांडल्या आणि भांडून, रडून, हातापाया पडून ऑस्ट्रेलियातल्या एका वॉशिंग मशीनच्या कंपनीचं काम मिळवलं. तिकडच्या बाईचं मशीन बंद पडलं की फोन भाईंदरला वाजायचा. आमची मुलंमुली पहाटे साडेचारला बसायची, दुपारी एकला उठायची. हे फोन इंटरनेटवरून यायचे. इंटरनेट गेलं की फोन गेला, आणि फोन गेला की मी गेलो.

म्हणून दोन लाइनी आणि दोन राउटर. राउटर म्हणजे कुठला फोन कुठल्या रस्त्याने सोडायचा ते ठरवणारी पेटी. एक पेटी काम करणार, दुसरी जागी राहून तिच्यावर लक्ष ठेवणार. पहिली पडली की दुसरीने तीन सेकंदांत तिची जागा घ्यायची. हे सगळं माउसने होत नाही. काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करावा लागतो. असा माणूस शोधताना कोणीतरी काकांचं नाव सांगितलं.

ते आले, बसले, पेट्यांकडे बघून घेतलं.

"किती घेणार?" मी विचारलं.

"तुम्ही ठरवा."

"असं कसं? तुम्ही एक आकडा सांगा, मी कमी करतो, मग आपण मध्ये कुठेतरी भेटू."

"मला मध्ये भेटायचं नाही, शेठ. तुम्ही ठरवा. फक्त पेटीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. तुम्हीसुद्धा."

भाव न करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. मी एक आकडा सांगितला, ते "बरं" म्हणाले आणि कामाला लागले. दोन दिवस मला चैन पडेना. आपण कुठेतरी फसलो, पण कुठे ते कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच जाऊन पाचशे रुपये वाढवून आलो. समोर कोणी भांडत नसताना माझा भाव चढला, तो आयुष्यात त्या एकदाच.

एक्स्चेंजमध्ये असताना त्यांच्या हाताखाली खोलीभर यंत्रं होती. निवृत्त होता होता कोणीतरी त्यांना डब्याएवढी पेटी दाखवून म्हणालं, आता एवढ्यात सगळं मावतं. त्याचा त्यांना अपमान वाटला. फुटपाथवरून उशीएवढं जाड पुस्तक आणलं आणि साठीनंतर ते पाठ केलं. "शत्रूचं घर बघून यावं म्हणून गेलो," असं सांगायचे, "आणि तिथेच जेवायला बसलो."

त्यांच्याकडे प्रत्येक वस्तू दोन होत्या. दोन चष्मे, दोन छत्र्या, घराच्या दोन किल्ल्या. यात नवल नाही. नवल ते ठेवण्यात होतं. एक चष्मा नाकावर, दुसरा आमच्या वॉचमनच्या ड्रॉवरमध्ये. एक छत्री ऑफिसात, दुसरी स्टेशनजवळच्या चांभाराकडे. एक किल्ली खिशात, दुसरी बहिणीकडे, तीही तांदळाच्या डब्यात. मी एकदा चेष्टा केली, "काका, दोन्ही चष्मे एका पिशवीत ठेवा की. शोधाशोध नको."

"पिशवी रिक्षात विसरली तर?"

"तर दोन्ही जातील."

"मग तो एकच चष्मा झाला ना? दोन काचांचे दोन जोड असलेला एक चष्मा. दुसरा म्हणजे खरंच दुसरा पाहिजे, शेठ. त्याला दुसरी वाट पाहिजे."

तेव्हा मला वाटलं, एकट्या माणसाला वेळ फार, त्यातून असले विचार सुचतात.

घड्याळाचं वेड तर विचारू नका. प्रत्येक पेटीच्या आत स्वतःचं घड्याळ असतं आणि काही बिघडलं की पेटी ते वेळेसकट लिहून ठेवते. या दोन पेट्यांची घड्याळं रोज जुळलीच पाहिजेत, असा काकांचा नेम. आमच्याकडे कॉम्प्युटर बघायला येणारा इंजिनिअर त्यांना म्हणाला, "काका, ते नेटवरून आपोआप सेट होतं. एक कमांड आहे."

"आणि नेट बंद असेल तेव्हा?"

"तेव्हा... तेव्हा नाही होणार."

"मला नेमकी तेव्हाचीच वेळ हवी असते."

मग रोज दुपारचा सोहळा. शिफ्ट सुटत आली की काका टेबलावर दोन कीबोर्ड शेजारी शेजारी मांडायचे. दोन्हींवर घड्याळ लावायचा हुकूम आधीच टाइप करून ठेवायचे, एक वाजून शून्य मिनिटं शून्य सेकंद. उजव्या हाताचं एक बोट एका एंटरवर, डाव्याचं दुसऱ्या एंटरवर. मध्ये छोटा रेडिओ. बातम्यांच्या आधी टिक टिक वाजते ना, ती सुरू झाली की डोळे मिटायचे आणि शेवटच्या टिकेला दोन्ही बोटं एकदम दाबायचे. मग स्वतःचं मनगट बघायचे आणि समाधानाने मान हलवायचे, जणू पेट्यांनी त्यांना विचारूनच वेळ ठेवली होती. पोरी दाराआडून बघून हसायच्या. "काका, सतार वाजवताय का?" एकीने विचारलं होतं. "वाजवतोय," काका म्हणाले, "तुला ऐकू येईल एक दिवस." रविवारी ऑफिस बंद, पण काका एक वाजता रेडिओ घेऊन हजर. वॉचमनने माझ्याकडे तक्रार केली होती की हे साहेब सुट्टी घेऊ देत नाहीत.

पेटीत काही बदल करायचा असला की ते आधी तिला दहा मिनिटांची मुदत घालायचे. तसा हुकूम असतो: दहा मिनिटांनी स्वतःहून बंद हो, पुन्हा चालू हो आणि होतीस तशी हो. त्या वेळात बदल करून बघायचा, नीट झाला तर मुदत रद्द करायची. "बदल करताना चुकून आपणच दाराबाहेर अडकलो, तर आतून कडी काढायला कोणी पाहिजे," असं त्याचं कारण. मुदत नवव्या मिनिटाला रद्द करायची सवय मात्र त्यांची स्वतःची. आठ मिनिटं ते नुसते खुर्चीत बसून राहायचे. माझा जीव खाली-वर.

"काका, झालंय ना नीट? मग रद्द करा ना!"

"माणूस पहिल्या मिनिटाला स्वतःवर खूश असतो. आठव्या मिनिटापर्यंत खूश राहिला तर काम बरोबर झालं."

मी तापट माणूस. मी आठ मिनिटांत चार जणांशी भांडतो. पण त्यांच्याकडे बघत बसलो की राग कुठे ठेवायचा ते कळायचं नाही.

आता त्या लाइनी. दोन्ही मी एकाच कंपनीकडून घेतल्या होत्या, कारण एकत्र घेतल्यावर दुसरी निम्म्या भावात मिळाली. दीड महिना मी त्यांच्या माणसाला रडवलं होतं. त्यांच्या एरिया मॅनेजरने स्वतः येऊन नकाशा टेबलावर पसरला. "सेठ, ये देखो, दो अलग रूट है. एक हायवे साइड से, एक स्टेशन साइड से. एक कटेगा तो दूसरा चालू." निळी रेघ आणि लाल रेघ. मी खूश. काकांनी नकाशा वाकून वाकून बघितला आणि एवढंच म्हणाले, "रेघा सुंदर आहेत."

सहा महिन्यांत फोन तीनदा बंद पडले. पहिल्यांदा चाळीस मिनिटं, मग तासभर, मग जवळजवळ दोन तास. चाळीस मुलं हेडफोन लावून एकमेकांची तोंडं बघत बसलेली आणि मी केबिनमध्ये हातात पाण्याचा ग्लास घेऊन उभा. तिसऱ्या खेपेनंतर ऑस्ट्रेलियाहून निरोप आला. त्यांची एक बाई पंधरा दिवसांनी येणार, स्वतःच्या हाताने एक लाइन उपटणार, आणि फोन तुटले तर काम दुसऱ्याला देणार.

मी लाइनवाल्या कंपनीकडे खुलासा मागितला. तिसऱ्या दिवशी पत्र आलं, एरिया मॅनेजरच्या सहीचं. तिन्ही वेळा आमची दुसरी लाइन व्यवस्थित चालू होती. पहिली किरकोळ कारणाने खंडित झाल्यावर तुमच्या दुसऱ्या राउटरने ताबा घेतला नाही, कारण तुमच्या तंत्रज्ञाने त्याची मांडणी चुकीची केली आहे. सक्षम माणूस नेमावा. पत्राची एक प्रत थेट ऑस्ट्रेलियाला.

मला लाज वाटते, पण लिहितो. मी ते पत्र खरं मानलं. छापील कागद, सही, शिक्का, आणि समोर स्क्रूड्रायव्हर खोचलेला सत्तरीकडे झुकलेला माणूस. मी हॉलच्या मधोमध उभा राहून सगळ्यांसमोर ओरडलो. रेडिओ लावून टाइमपास करता, माझ्या घरावर नांगर फिरवलात, असलं काय काय. गाळा मी गहाण टाकला होता, बायकोला अजून सांगितलं नव्हतं. तो सगळा राग मी त्या पांढऱ्या शर्टावर काढला.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पत्र मागितलं. वाचलं, खालून वर. ते काहीही वाचायचं तर शेवटच्या ओळीपासून सुरुवात करत, म्हणजे डोळा घसरत नाही म्हणे.

"ओरडून झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"मग बाजूला व्हा. स्क्रीनवर सावली पडतेय तुमची."

त्यांनी दोन्ही पेट्यांतल्या नोंदी बाहेर काढल्या आणि दोन कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. पहिल्या पेटीने लिहिलं होतं, माझी लाइन मेली. वेळ तास, मिनिट, सेकंदासकट. दुसऱ्या पेटीने लिहिलं होतं, माझीही लाइन मेली. वेळ तीच. तोच सेकंद. आणि हे तीनदा.

"दुसऱ्या पेटीने ताबा घेतलाय, शेठ. हे बघा, तीन सेकंदांत घेतला. पण घेऊन करणार काय? तिच्या हातातली दोरीसुद्धा त्याच क्षणी तुटली होती. दोन माणसं कधी कधी एकाच वेळी शिंकतात. तीनदा, त्याच सेकंदाला नाही शिंकत. यांचं नाक एक आहे."

मी ते कागद घेऊन कंपनीत गेलो. मॅनेजर हसला. "सेठ, आपके डब्बे का टाइम कोई प्रूफ थोडी है. बुड्ढे ने हाथ से सेट किया होगा." हाताने सेट केलेलं खरंच होतं. मी कागद उचलले.

परत आलो तेव्हा काका बूट बदलत होते. कंपनीचा नकाशा घडी करून खिशात टाकला आणि निघाले. निळ्या रेघेवरून चालत गेले, दुसऱ्या दिवशी लाल रेघेवरून चालत गेले. जमिनीत जिथे कंपनीचं झाकण दिसेल तिथे थांबायचं, नकाशावर टिंब द्यायचं. लोकांना वाटलं, म्हातारा जागेचा दलाल आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला फोन केला. "खारीला या. येताना सुटे पैसे आणा, भाजी घ्यायची आहे."

खारी गावात रस्त्याकडेला एक आजी पालेभाजी घेऊन बसली होती. लाल माठ, चवळी, अळू. काका तिच्यासमोर उकिडवे बसले होते. आधी मला काही कळेना. मग दिसलं की आजीचं बसायचं फडकं एका झाकणावर पसरलेलं आहे, आणि नकाशावरच्या निळ्या आणि लाल, दोन्ही रेघांवरची टिंबं त्या झाकणाशी येऊन मिळत होती.

"मावशी, यांना सांगा जरा," काका म्हणाले. "इथे दोन वायरी आहेत ना, दोन वेगळ्या पाइपांतल्या?"

"दोन कसल्या?" आजी म्हणाली. "वायरी असतील दोन, पाइप येकच हाय. दुसरा पाइप न्हाय. मी इथंच बसते, माज्यासमोर उघडतात ना. पलीकडं गटाराचं काम चाललंय, त्यांचा फावडा लागला का हे धावत येतात. आये, उठ, आये, उठ. तीन वेला उठवलं मला. येकदा सगली चवली तुडवली."

"कधी कधी उठवलं, आठवतंय?"

आजीने बोटांवर मोजत सांगितलं. एकदा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, कारण आदल्या दिवशी ती बाजारात बसली नव्हती. एकदा नातवाच्या बारशाच्या सकाळी, एकादशीला. एकदा आत्ता, पंधरवड्यापूर्वी. काकांनी खिशातलं पंचांग काढलं. हो, पंचांगही होतं. फोन बंद पडले त्या दिवसांशी तिन्ही दिवस जुळले.

मी भाजी सगळी घेतली. भाव केला नाही. आजीने वर कोथिंबिरीची जुडी टाकली आणि म्हणाली, "तुमचा म्हातारा हुशार हाय, पन चालतो फार."

त्या दुपारी कंपनीत जो तमाशा केला तो मी सविस्तर लिहीत नाही. खुर्ची मी फेकली नाही, ती सरकली. मॅनेजर आधी म्हणाला, कागदावर तर दोनच आहेत. मग म्हणाला, "सेठ, लॉजिकली अलग है." मी म्हटलं, "एका विहिरीवर दोन रहाट बसवले म्हणून विहिरी दोन होत नाहीत रे!" शेवटी त्याने खरं काढलं. "हाफ रेट में दूसरा रास्ता किधर से आएगा, सेठ? आपने ही तो तोड़ा था रेट."

हे मला आजही झोंबतं, म्हणून इथे नीट उत्तर देतो. भाव पाडणं हा माझा हक्क आहे. नाही म्हणणं हा तुझा. तू नाही म्हणाला असतास तर मी शिव्या देत का होईना, पूर्ण भाव दिला असता किंवा दुसरं दार ठोठावलं असतं. हो म्हणून हातावर हात मारायचा आणि माल द्यायचाच नाही, याला व्यवहार म्हणत नाहीत. याला चोरी म्हणतात. मी तीस वर्षं घासाघीस करतोय, पण घेतलेल्या पैशाचा माल दिला नाही असं माझ्याबद्दल भाईंदरात कोणी म्हणून दाखवावं.

भांडण जिंकलो, पण आठ दिवस उरले होते आणि दुसरी लाइन अजून नव्हतीच. मोठ्या कंपन्या महिना मागत होत्या. काका म्हणाले, आपल्या इस्टेटीत टीव्हीची केबल देणारा आहे, तो इंटरनेटही देतो. त्याची वायर जमिनीतून जात नाही, गच्चीवरून गच्चीवर जाते.

"काका, त्याची लाइन म्हणजे दोरा आहे, दोरा! त्यातून चाळीस फोन जाणार?"

"जातील. बारीक असली तरी चालेल, वाट वेगळी पाहिजे. फक्त पंगती नीट बसवाव्या लागतील."

आणि त्यांनी मला पंगती समजावल्या. लाइन बारीक असली की कोणाला आधी सोडायचं हे पेटीला सांगून ठेवायचं असतं. "पहिली पंगत आवाजाची. आवाज उपाशी राहिला की जागच्या जागी मरतो. दुसरी पंगत पोरांच्या स्क्रीनवरच्या तक्रारीच्या फॉर्मची. तिसरी मेलची. मेल दोन मिनिटं उशिरा जेवला तर रुसत नाही."

"आणि माझी केबिन?"

"शेवटची."

"मालक आहे मी!"

"म्हणूनच. यजमान शेवटीच जेवतो."

केबलवाल्याकडे जाताना त्यांनी मला बजावलं, भाव करायचा नाही. मी म्हटलं, हा माझा धर्म आहे. म्हणाले, एक दिवस धर्म बाहेर चपलांपाशी ठेवा. केबलवाल्याने आकडा सांगितला. मी "ठीक आहे" म्हणालो. तो घाबरला. "सेठ, तबीयत तो ठीक है ना?" पैसे देण्याआधी काका त्याच्याबरोबर अकरा गच्च्या चढून आले. वायर कुठेही त्या झाकणाकडे वळत नाही याची डोळ्यांनी खात्री केली, मगच मला मान हलवली. त्यानंतर चार दिवस ते काळ्या पडद्यासमोर बसले. प्रत्येक बदलाला दहा मिनिटांची मुदत, प्रत्येक वेळी नववं मिनिट. या वेळी मी एकदाही "रद्द करा" म्हणालो नाही.

ऑस्ट्रेलियाची बाई आली. उंच, हसतमुख, पायात सपाट चप्पल. चहा नको म्हणाली. हॉलमध्ये चाळीस फोन चालू होते. ती सरळ पेट्यांच्या खोलीत गेली आणि कंपनीच्या मोठ्या लाइनीची वायर हाताने उपटली.

काका पेट्यांकडे बघतच नव्हते. दाराशी, हॉलकडे कान करून उभे होते.

हॉलमध्ये चाळीस आवाज एकदम थांबले. मग चाळीस गळ्यांतून एकदम, "हॅलो? हॅलो?" मी दाराची चौकट धरली. एक. दोन. तीन. आणि कोपऱ्यातली मुलगी म्हणाली, "येस मॅम, आय कॅन हिअर यू. सो द ड्रम इज नॉट टर्निंग." तिच्या शेजारचा बोलू लागला, त्याच्या पलीकडचा, मग सगळा हॉल. चाळीस वॉशिंग मशीनच्या तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. एकही फोन तुटला नाही. इतकं गोड संगीत मी आयुष्यात ऐकलं नाही.

बाईने हॉलमधली एक रांग बघितली, दुसरी बघितली, मग माझ्या केबिनमध्ये येऊन स्वतःचा मेल उघडायला मागितला. पान अर्ध्यावर येऊन अडकलं. मी काकांकडे बघितलं, काका छताकडे. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, की आमच्याकडे पाहुणे आणि यजमान शेवटी जेवतात. पाहुण्यांचं मी ठोकून दिलं. ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. काम आमच्याकडेच राहिलं. संध्याकाळी मी घरी गेलो, बायकोला गाळा गहाण असल्याचं सांगितलं आणि त्याच दमात आता काळजी नाही हेही सांगितलं. ती म्हणाली, "त्या काकांना रविवारी जेवायला बोलवा." एका वर्षात गाळा सुटला.

दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटताना मी सगळ्यांना थांबवलं. जिथे उभा राहून ओरडलो होतो तिथेच उभा राहून म्हणालो, की मी चुकलो, काकांवर घेतलेला आळ खोटा होता, मी माफी मागतो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी घड्याळ बघितलं. "आवरा लवकर, एक वाजतोय." पण त्या दिवशी त्यांची टिक चुकली. पुन्हा दोन वाजेपर्यंत थांबले.

त्यांना लागलं होतं ते माझं ओरडणं नव्हे. ते पत्र. एक्स्चेंजमध्ये अख्खी नोकरी त्यांनी एका मेमोशिवाय काढली होती. आणि आता दूर ऑस्ट्रेलियात कुठल्याशा फायलीत लिहिलेलं राहणार होतं की याने मांडणी चुकीची केली. मी कंपनीला लिहिलं, पत्र मागे घ्या. त्यांनी पुढच्या वर्षाच्या बिलात घसघशीत सूट देऊ केली. मी आयुष्यात पहिल्यांदा सूट नाकारली. पत्र मागे आलं नाही. दर सोमवारी काका केबिनमध्ये डोकवायचे.

"पत्र?"

"नाही अजून."

"बरं."

एवढंच. चार वर्षं, दर सोमवारी. मग त्यांचे गुडघे कुरकुरू लागले आणि ते बहिणीबरोबर नाशिकला भाचीकडे राहायला गेले. जाताना मला हुकुमांची यादी छापून दिली, दोन प्रती, आणि दुसरी घरी ठेवा म्हणून दम दिला.

आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. वाचायला भिंग लागतं, पण वाचतात, अजूनही खालून वर. मध्यंतरी भेटायला गेलो तेव्हा तब्येतीचं, धंद्याचं, पोरांचं सगळं विचारून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पत्र?"

त्या कागदावर सही करणारे साहेब, तुम्ही हल्ली कुठल्या मोठ्या खुर्चीवर आहात ते मला माहीत आहे. एका पाइपात तुम्ही दोन लाइनी घातल्यात हे तुम्हाला त्या दिवशीही माहीत होतं आणि तरी तुम्ही एका म्हाताऱ्याच्या नावावर चूक लिहिलीत. माझी चूक मी चाळीस जणांसमोर कबूल केली. मला पैसे नकोत, सूट नको, घासाघीस तर मुळीच नको. एक ओळ हवी आहे, तुमच्या सहीची: दोष लाइनीचा होता, माणसाचा नव्हता. वाचणारा माणूस अजून आहे. कधी लिहून देताय, ते बोला.